ज्योतिर्गणितकार व्यंकटेश बापूजी केतकर

बेळगावात इंग्रजी विद्येचे धडे घेऊन बाहेर पडलेल्या ज्या विद्यार्थ्यांचे नाव पुढे युरोपातील विद्वत्सभांपर्यंत पोचले, त्यांत ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असल्याचे भाकीत ज्यांनी प्लूटोच्या शोधापूर्वी १९ वर्षे केले ते केतकर, एवढीच त्यांची ओळख आज बहुतेकांना असते. ही ओळख खोटी नाही, पण ती अपुरी आहे. केतकरांचे आयुष्य मुंबई इलाख्याच्या शाळाखात्यात मास्तरकी करण्यात गेले. त्यांच्या हाती वेधशाळा नव्हती, दुर्बिणीने सज्ज असे विद्यापीठ नव्हते, राजाश्रय नव्हता. जे काही होते ते पुस्तके, कागद आणि गणिताची अखंड चिकाटी एवढेच. या सामग्रीवर त्यांनी पश्चिमेकडील नवे ज्योतिर्गणित गावोगावच्या जोशीबुवांच्या हाती जाईल अशा रूपात उतरवून दिले. त्यांची थोरवी मोजायची ती मुख्यतः या कामावरून.

व्यंकटेशरावांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. नरगुंद हे त्या वेळी भावे घराण्याचे छोटे संस्थान होते. मलप्रभा नदीच्या दक्षिणेकडील या गावाच्या डोंगरी किल्ल्याच्या छायेत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा नांदत होत्या. घरी ज्योतिषाचे वातावरण होते. वडील बापूशास्त्री हे या शास्त्राचे जाणकार. त्यामुळे तिथी, नक्षत्र, अहर्गण, मध्यम ग्रह हे शब्द मुलाच्या कानी लहानपणीच पडले असणार. व्यंकटेशराव अवघे चार वर्षांचे असताना, १८५८ साली, नरगुंदवर मोठे संकट कोसळले. संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि थोड्याच दिवसांत इंग्रज फौजेने गाव व किल्ला घेतला. बाबासाहेबांना बेळगाव येथे फाशी देण्यात आले व संस्थान खालसा झाले. दरबार गेला, त्याबरोबर दरबाराच्या आधाराने चालणारी जुनी विद्याही उघड्यावर पडली. शास्त्र्यांच्या घरातील पुढल्या पिढीला नव्या सरकारच्या नव्या शाळांकडे वळण्यावाचून दुसरा मार्ग फारसा उरला नाही.

ज्या बेळगावात नरगुंदचा शेवट झाला, त्याच बेळगावात नरगुंदच्या या मुलाचे इंग्रजी शिक्षण व्हावे, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल. बेळगाव हे कलेक्टरचे ठाणे, लष्कराची छावणी आणि मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातील शिक्षणाचे केंद्र होते. येथील शाळेत युक्लिडची भूमिती, बीजगणित व त्रिकोणमिती शिकत असताना घरच्या पोथीतील ज्या आणि कोटिज्या यांची ओळख व्यंकटेशरावांना नव्याने पटली असेल. सूर्यसिद्धान्तातील ज्यार्ध आणि इंग्रजी पुस्तकातील साइन ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे ज्याला दोन्ही परंपरा ठाऊक त्यालाच चटकन दिसते. केतकरांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या दुहेरी शिक्षणात आहे.

१८७४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते सरकारी शिक्षणखात्यात शिक्षक झाले. पुढे ते बागलकोट येथील इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले आणि त्यांच्या नावाशी हे गाव कायमचे जोडले गेले. घटप्रभेच्या काठचे बागलकोट त्या काळी आधी कलादगी व पुढे विजापूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मोडत असे. व्यापारपेठ म्हणून त्याचा लौकिक होता. विद्यापीठ म्हणून नव्हता. मोठी ग्रंथालये मुंबई-पुण्याला. या परिस्थितीत खात्याची नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात, हाताने गणिते करून केतकरांनी आपले ग्रंथ सिद्ध केले. एका ग्रहाचे एका दिवसाचे स्थान काढायचे तरी कागद भरून आकडेमोड करावी लागे. येथे तर शेकडो वर्षांना पुरतील अशी कोष्टके रचावयाची होती.

ही एवढी यातायात कशासाठी, हे समजण्याकरिता त्या वेळच्या पंचांगांची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. महाराष्ट्रात व कर्नाटकात पंचांगे होत ती प्रामुख्याने गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून किंवा सूर्यसिद्धान्तावरून. ग्रहलाघव हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० चा. आपल्या काळी तो उत्तम होता. गणेश दैवज्ञांनी ग्रहांचे वेध घेऊन, जुन्या ग्रंथांतील अंक आकाशाशी ताडून, तो रचला होता. पण साडेतीनशे वर्षांत लहान लहान चुका साठत गेल्या. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. एका वर्षात हे अंतर कोणाच्या लक्षातही येत नाही. चौदाशे वर्षांत मात्र ते तीन दिवसांवर जाते. ग्रहांची तीच कथा. पंचांगात गुरू आणि शनी यांची युती ज्या दिवशी लिहिलेली, त्या दिवशी आकाशात पाहावे तर ते दोघे एकमेकांपासून दूर असत.

चंद्राची गोष्ट अधिक नाजूक होती. जुन्या गणितात चंद्राला मुख्यतः एकच मोठा संस्कार दिला जाई. तो पौर्णिमा-अमावास्येस जुळावा असा बसवलेला असल्यामुळे ग्रहणांच्या वेळा बऱ्याच अंशी बरोबर येत आणि ग्रहण जुळले म्हणजे पंचांग खरे, असा लोकांचा समज होई. वस्तुतः सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राच्या गतीत आणखीही फरक पडतात व त्यांपैकी एक फरक अष्टमीच्या सुमारास सर्वांत अधिक जाणवतो. त्या वेळी जुन्या गणिताचा चंद्र खऱ्या चंद्रापासून सुमारे अडीच अंशांपर्यंत ढळलेला असू शकतो. तिथीच्या हिशेबात हे अंतर पाच तासांच्या घरात जाते. जन्माष्टमीचा किंवा एकादशीचा उपवास कोणत्या दिवशी करावा, हा निर्णय ज्या तिथीवर अवलंबून, तीच अशी चुकत असे. ज्या समाजात श्राद्ध, व्रत, विवाह आणि पेरणीदेखील पंचांग पाहून होते, त्या समाजात हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हता.

या चुका प्रथम केतकरांनाच दिसल्या असे नाही. काशीस बापूदेव शास्त्री यांनी आणि महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी शुद्ध गणिताचा आग्रह त्यांच्या आधीच धरला होता. केरूनानांनी १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला आणि त्यांच्या गणितावरून पटवर्धनी पंचांग निघू लागले. पुढच्या पिढीत शंकर बाळकृष्ण दीक्षित आले. तेही शाळाखात्यातलेच शिक्षक आणि केतकरांपेक्षा वयाने थोडेच वडील. दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहून या शास्त्राची सारी परंपरा एका ग्रंथात आणली व त्यात केतकरांच्या कार्याची नोंद आदराने केली. दोघे समकालीन शिक्षक. एकाने मागील दोन हजार वर्षांचा हिशेब मांडला, दुसऱ्याने पुढील काळासाठी गणित करून ठेवले. मराठी शाळामास्तरांच्या त्या पिढीने किती मोठा भार उचलला होता, याची साक्ष या जोडीवरून पटते.

केतकरांचा पहिला मोठा ग्रंथ ज्योतिर्गणित. शके १८१२ च्या सुमारास, म्हणजे १८९० च्या आसपास, तो तयार झाला. ब्रिटिश नाविक पंचांग ज्या फ्रेंच ग्रंथांच्या आधारे होई, त्यांचा त्यांनी आधार घेतला. शके १८०० हे आरंभवर्ष धरून सूर्य, चंद्र व ग्रह यांची स्थाने काढण्याची कोष्टके त्यांनी संस्कृतात दिली. नाविक पंचांगाच्या तोडीस जवळजवळ उतरेल अशी सूक्ष्मता त्यात होती. वर्षमान खरे नाक्षत्र घेतले, अयनगतीही प्रत्यक्ष घेतली. इंग्रजी व फ्रेंच न जाणणाऱ्या पंडिताला आता पॅरिस आणि ग्रीनिच येथील गणिताचे फळ आपल्याच परिभाषेत, अंश-कला-विकलांत, मिळू लागले.

पण एवढ्यावर थांबले असते तर केतकर शिक्षक कसले? मोठ्या कोष्टकांचा ग्रंथ खेड्यातील जोशाला पेलणारा नव्हता. त्याची सवय ग्रहलाघवाची. ग्रहलाघव लोकप्रिय झाले ते श्लोक पाठ करून, ज्याचापांच्या खटपटीशिवाय, थोडक्या आकडेमोडीत ग्रह काढता येतात म्हणून. ही सवय मोडून जोशीबुवांना शाळेत बसवणे शक्य नव्हते. तेव्हा नवे गणितच त्यांच्या सवयीच्या साच्यात ओतणे हा मार्ग केतकरांनी पत्करला. त्यांनी केतकी ग्रहगणित हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत, ग्रहलाघवाच्या धर्तीवर रचला. पंचांग करणाऱ्यांसाठी वैजयंती हा आटोपशीर ग्रंथ लिहिला. विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे तेथून आरंभ करून जे ठाऊक नाही तेथवर त्याला न्यावे, हे अध्यापनाचे पहिले तत्त्व. वर्गातील मुलांप्रमाणेच दशग्रंथी ब्राह्मणांनाही ते लागू पडते, हे केतकरांनी ओळखले होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर संस्कृत पद्यात गणित लिहिणे काही नवशिक्षितांना मागासलेपणाचे वाटले असेल. परंतु ज्यांच्या हाती पंचांग होते, त्यांची भाषा तीच होती.

विरोध दोन्ही बाजूंनी होता. सुशिक्षितांतील एका वर्गाला पंचांग हा विषयच टाकाऊ वाटे. शास्त्रीमंडळींना मुनिप्रणीत गणित बदलणे हे पाप वाटे. त्यांचा मुख्य आधार बाणवृद्धी आणि रसक्षय हा संकेत होता. तिथी साठ घटकांपेक्षा वाढली तर पाच घटकांनी वाढते, कमी झाली तर सहा घटकांनी होते, असा त्याचा अर्थ. आणि श्राद्धादी निर्णय या मर्यादेवर बसवलेले. नव्या शुद्ध गणितात तिथी सात घटकांपर्यंत वाढू शकते व दहा घटकांपर्यंत घटू शकते. तेव्हा शुद्ध तिथी धरली तर धर्मशास्त्राचे निर्णय कोलमडतील, असा आक्षेप घेतला जाई. त्यावर सुधारकांचे म्हणणे असे की, चंद्र ज्या गतीने चालतो त्याच गतीने चालणार. धर्मकृत्याचा काळ आकाशातील चंद्रावरून ठरवावयाचा की पोथीतील चंद्रावरून, एवढाच प्रश्न आहे. गणेश दैवज्ञांनीही आपल्या काळी आकाश पाहूनच जुने अंक बदलले होते, हे उदाहरण सुधारकांच्या बाजूने फार मोलाचे होते. केतकरांनी आपल्या ग्रंथांनी या वादात जी भर घातली ती शब्दांची नव्हे, अंकांची. कोणीही गणित करावे, रात्री अंगणात येऊन पाहावे आणि पडताळा घ्यावा.

याहून बिकट वाद अयनांशांचा होता. राशिचक्राला आरंभ कोठून करावयाचा हा तो प्रश्न. आपले मेष, वृषभ आदी विभाग ताऱ्यांशी बांधलेले. पण आरंभबिंदूवर ठळक असा तारा नाही. केरूनानांनी रेवती नक्षत्रातील एक तारा आरंभस्थान धरला. केतकरांनीही ज्योतिर्गणितात तेच स्वीकारले आणि शके १८०० मध्ये अयनांश अठरा अंशांहून थोडे अधिक मानले. हा पक्ष लोकमान्य टिळकांनाही मान्य होता. मात्र पुढे अधिक विचारान्ती केतकरांनी आपले मत बदलले व चित्रा नक्षत्रासमोरचा बिंदू आरंभस्थान मानण्याचा पक्ष घेतला. शके १८०० साठी त्यांचे अयनांश आता बावीस अंशांवर गेले. दोन्ही पक्षांत अंतर सुमारे चार अंशांचे. सूर्य रोज सुमारे एक अंश चालत असल्यामुळे संक्रांतीत चार दिवसांचे.

चित्रापक्षाच्या बाजूचा युक्तिवाद सबळ होता. रेवतीचा म्हणून धरलेला तारा इतका मंद आहे की नुसत्या डोळ्यांना तो प्रयासाने दिसतो. जुन्यांनी आरंभस्थानासाठी नेमका तोच पाहिला होता याची खात्री कोणी द्यावी? चित्रा मात्र पहिल्या प्रतीचा तेजस्वी तारा आणि सूर्यसिद्धान्तात त्याचे स्थान आरंभबिंदूपासून नेमके १८० अंशांवर सांगितलेले. शिवाय चित्रापक्ष धरला असता मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास येते, म्हणजे लोक जुन्या पंचांगावरून ज्या दिवशी तीळगूळ वाटत आले त्याच सुमारास. रेवतीपक्षाने ती १० जानेवारीस पडते व काही वर्षी अधिक मासही निराळा येतो. लोकांच्या सणांना धक्का न लावता गणित शुद्ध करता येत असेल तर तसेच करावे, हे व्यवहाराला धरून होते.

या वादासाठी १९०४ साली मुंबईस व पुढे पुणे आणि सांगली येथे परिषदा भरल्या. एकमत झाले नाही. टिळक पंचांग रेवतीपक्षाचे राहिले. टिळकांसारख्या लोकोत्तर पुरुषाचे वजन एका बाजूस असताना आणि स्वतःचा नावाजलेला ग्रंथही त्याच बाजूस असताना, केतकरांनी मत बदलले ही गोष्ट सामान्य नव्हे. छापील ग्रंथातील आपलीच भूमिका मागे घेणे कोणत्याही विद्वानाला जड जाते. शास्त्रशुद्ध पंचांग अयनांश निर्णय या आपल्या ग्रंथात त्यांनी या विषयाचा ऊहापोह केला. शास्त्र शिकवणाऱ्याने शास्त्राशी कसे वागावे, याचा हा वस्तुपाठ होय.

मराठी वाचकांकडेही त्यांनी दुर्लक्ष केले नाही. नक्षत्रविज्ञान या ग्रंथाने आकाशातील नक्षत्रांची ओळख मराठीतून करून दिली. भूमंडलीय सूर्यग्रहगणित, गोलद्वयप्रश्न असे त्यांचे आणखी ग्रंथ आहेत. सौरार्यब्रह्मपक्षीय तिथिगणित या ग्रंथात तर सौर, आर्य आणि ब्राह्म या तिन्ही जुन्या पक्षांप्रमाणे तिथी काढण्याची सोय आहे. जुन्या गणिताच्या चुका दाखवणाऱ्या माणसाने जुन्याच पक्षांचे तिथिगणित का लिहावे, असा प्रश्न येथे पडेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. बेळगाव, सौंदत्ती, बागलकोट या टापूत रट्ट, चालुक्य, यादव यांचे शिलालेख पावलोपावली आढळतात. त्यांत शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि वार कोरलेले असतात. तो लेख खरा की बनावट, त्याची इंग्रजी तारीख कोणती, हे ठरवायचे तर ज्या जोशाने ती तिथी काढली त्याच्याच गणिताने ती पुन्हा काढली पाहिजे; तेथे आजचे शुद्ध गणित उपयोगी नाही. शुद्ध काय हे जाणणे एक आणि पूर्वजांनी काय मानले होते हे प्रामाणिकपणे जाणणे दुसरे. केतकरांना दोहोंची किंमत कळत होती. या अभ्यासाचे फळ म्हणजे १९२३ साली मुंबईस प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय व परदेशी कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ. कलियुगारंभापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ पासून, इसवी सन २१०० पर्यंतच्या कालगणनेची कोष्टके त्यात आहेत. शिवाय चिनी, यहुदी, ख्रिस्ती व कॉप्टिक पंचांगांचीही माहिती आहे.

आता त्या प्रसिद्ध भाकिताकडे वळावयाचे. कामिय फ्लामारियाँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने १८८७ साली स्थापन केलेल्या फ्रान्सच्या ज्योतिषशास्त्रीय सभेचे एक मासिक निघत असे. त्याच्या १९११ च्या मे-जून अंकात केतकरांचा लेख आला. गुरूच्या पहिल्या तीन मोठ्या उपग्रहांच्या गतींत एक ठरावीक प्रमाण आहे, हे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले होते. पहिल्याच्या चार प्रदक्षिणांत दुसऱ्याच्या दोन व तिसऱ्याची एक प्रदक्षिणा होते. तशाच प्रकारची संगती युरेनस, नेपच्यून व त्यांच्या पलीकडील अज्ञात ग्रह यांच्यात असावी, या कल्पनेवरून केतकरांनी दोन ग्रह सुचवले व त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्मा या ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे, असे त्यांचे गणित होते.

१९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या तरुणाला छायाचित्रांच्या काचा तपासताना नवा ग्रह सापडला व १३ मार्चला ती वार्ता जगभर जाहीर झाली. प्लूटोचे सरासरी अंतर ३९.४८ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४८ वर्षे निघाला. बागलकोटच्या निवृत्त हेडमास्तरांचे अंक आणि हे अंक शेजारी ठेवले की आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. केतकर त्या वेळी हयात होते. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, ३ ऑगस्ट १९३० रोजी, विजापूर येथे त्यांचे निधन झाले.

या भाकिताचे मोल ठरवताना मात्र तारतम्य ठेवणे अगत्याचे आहे. केतकरांनी अंतर व प्रदक्षिणाकाळ सांगितला. ग्रह आकाशात कोठे शोधावा हे सांगितले नव्हते. त्यामुळे त्यांच्या लेखावरून दुर्बीण लावून प्लूटो सापडला असता असे म्हणता येत नाही. प्लूटो नेपच्यूनशी जे प्रमाण राखतो ते दोनास तीन असे. केतकरांच्या अंकांतून ते तंतोतंत निघत नाही. विष्णू तर कधी सापडलाच नाही. खुद्द लॉवेलचे भाकीतही पुढे योगायोगच ठरले. कारण १९७८ साली प्लूटोचा उपग्रह सापडल्यावर प्लूटोचे वजन फारच थोडे असल्याचे कळले व एवढासा गोल युरेनस-नेपच्यूनला हलवू शकत नाही हे सिद्ध झाले. २००६ साली प्लूटोची गणना ग्रहांतून काढून बटुग्रहांत करण्यात आली. केतकरांनी प्लूटोचा शोध लावला असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा आपण त्यांना जे त्यांचे नाही ते देतो आणि जे त्यांचे आहे ते विसरतो. एक मात्र खरे की, हिंदुस्थानातील एका जिल्हावजा गावी बसून, निसर्गातील नियमितपणावर विश्वास ठेवून, जगापुढे तपासण्याजोगे अंक मांडण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. चूक निघण्याची तयारी ठेवून केलेले विधान हेच विज्ञानातील विधान होय.

त्यांचे खरे यश मृत्यूनंतर पाव शतकाने दृष्टीस पडले. स्वातंत्र्यानंतर देशभर तीसच्या आसपास निरनिराळ्या पंचांगपद्धती चालू होत्या. १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. समितीने शुद्ध दृक्प्रत्ययी गणिताचा पुरस्कार केला व धार्मिक पंचांगांसाठी आरंभस्थान म्हणून चित्रापक्षच मान्य केला. २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला धरावेत असे ठरले. केतकरांच्या मानाशी त्याचा फरक अगदी थोडा आहे. २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. केरूनाना, दीक्षित, टिळक, केतकर आणि इतर अनेक विद्वानांनी जवळपास शंभर वर्षे चालवलेल्या वादाचा हा राष्ट्रीय पातळीवरील निष्कर्ष होता आणि त्यात केतकरांनी उत्तरायुष्यात घेतलेली बाजू ग्राह्य ठरली. महाराष्ट्रात दाते पंचांगासारखी जी पंचांगे घरोघर गेली, तीही शुद्ध गणिताची व चित्रापक्षाचीच.

केतकरांच्या कार्याला मर्यादाही होत्या. त्यांचे प्रमुख ग्रंथ संस्कृतात राहिल्यामुळे मराठी वा कानडी शाळेतील सामान्य विद्यार्थ्यापर्यंत ते थेट पोचले नाहीत. कोष्टकांचे युग सरले. यंत्राने क्षणात ग्रह काढण्याचे दिवस आले आणि ज्योतिर्गणिताची पाने उलटण्याचे प्रयोजन उरले नाही. राज्यपुनर्रचनेनंतर नरगुंद, बेळगाव, बागलकोट व विजापूर ही त्यांच्या आयुष्यातील चारही गावे कर्नाटकात गेली. ग्रंथांचे वाचक मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिले. मराठीत त्यांचे नाव प्लूटोपुरते उरले आणि कानडी मुलखात तेही विरळाच घेतले जाते. ज्यांची मातृभाषा मराठी, कर्मभूमी कानडी, ग्रंथभाषा संस्कृत आणि ज्ञानाची आयात फ्रेंचमधून, अशा माणसाला कोणत्याही एका प्रांताच्या कपाटात बसवणे कठीणच. सूर्यचंद्रांना सीमा नसते आणि त्यांचे गणित करणाऱ्यालाही ती नसावी.

बेळगावच्या वा निपाणीच्या एखाद्या घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संक्रांत किंवा एकादशी पाहिली जाते, तेव्हा ती तिथी आकाशातील खऱ्या चंद्रसूर्यांवरून काढलेली असते, हे आता कोणाला मुद्दाम सांगावे लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. जी गोष्ट एके काळी वादाची होती ती इतकी अंगवळणी पडावी की शिकवणाऱ्याचे नावही कोणाला आठवू नये, हे शिक्षकाच्या यशाचे लक्षण मानावे लागेल. तरीही ते नाव ठाऊक असणे हे शिकणाऱ्यांचे कर्तव्य आहे. बेळगावात शिकलेल्या, बागलकोटात शिकवलेल्या आणि आपली चूक आपणच दुरुस्त करणाऱ्या व्यंकटेश बापूजी केतकरांचे ऋण या परिसराने तेवढ्यासाठी तरी स्मरणात ठेवावे.